मुका कुकर

माणसं दुसऱ्याच्या घरी आली की आधी चप्पल काढतात, मग हाक मारतात, मग बसतात. काकू चप्पल काढायच्या आणि सरळ ओट्यापाशी जायच्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढ्या दोन बोटांनी पातेल्याचं झाकण वर उचलायचं, वाफ तोंडावर घ्यायची आणि मग म्हणायचं, "बघू, काय मांडलंय आज." तोपर्यंत बघून झालेलं असायचं.

अशी एखादी बाई तुमच्याही शेजारात असेल. तुम्हाला ती आवडत असेल तर चांगलंच आहे. मला काकू आवडत नव्हत्या. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

आमच्या क्वार्टरसमोर त्यांचं क्वार्टर, मधे फक्त जिना. काका रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, माझे पप्पा रेल्वेगाडीवर गार्ड. काकू मूळच्या भुसावळच्या. झाशीच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे आपलं माणूस निवडायची सोय नसते. जे समोर असतं ते आपलं. शहरात जुनी मराठी घरं आहेत, ज्यांचे पूर्वज कधीकाळी कारभाराला नाहीतर पूजेअर्चेला इकडे आले, पण ती आम्हाला गणपतीत भेटतात आणि पुढच्या गणपतीपर्यंत विसरतात.

त्या गणपतीतही काकूंनी एकदा नैवेद्याआधी मोदकांच्या भांड्यावरचं झाकण उचललं होतं. सगळा स्वयंपाक सोवळ्यातला. एक वयस्कर मावशी ओरडल्या, "अहो, अजून देवाला दाखवायचंय!"

"मग मी कुठे खाल्लं?" काकू म्हणाल्या. "उघडल्याशिवाय कळतं का, फुटले की राहिले ते?"

दोन मोदक फुटले होते. काकूंनी ते सगळ्यांना बोट दाखवून मोजून दाखवले.

पप्पांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दवाखान्यात भेटायला आल्या. पप्पांना "कसं आहे गार्डसाहेब" विचारलं, आणि उत्तर यायच्या आत शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या अनोळखी बाईंचा डबा उघडला. "भाभीजी, दाल में नमक कम है."

"आपने चखी कहाँ?" त्या बाई म्हणाल्या.

"दिखता है ना."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. काकूंबरोबर असताना मी बहुतेक वेळ खिडकीबाहेर बघत असे. खिडकी नसली तर फोनमध्ये.

कारण झाकणांवर त्या थांबायच्या नाहीत. मी कमी बोलते, हे त्यांच्या दृष्टीनं माझ्यावरचं मोठं झाकण होतं. कॉन्व्हेंटमध्ये मी इंग्रजीत शिकले, बाजारात हिंदी बोलते, मराठी फक्त घरात. तीन भाषा असून तिन्हींत गप्प, असं त्या जिन्यात उभ्या राहून कुणालाही सांगायच्या. मला त्या 'मेमसाहेब' म्हणायच्या. "काय मेमसाहेब, आज किती शब्द बोललीस? दहा झाले का?" मी हसल्यासारखं करायचे. आत काय व्हायचं ते मी लिहीत नाही.

आणि त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली होती. आई प्राथमिक शाळेत शिकवते, सकाळी लवकर निघते. सिलेंडरवाला आला तर दार कोण उघडणार, म्हणून तिनं कधीतरी एक किल्ली काकूंना दिली. सिलेंडर महिन्यातून एकदा यायचा. किल्ली रोज वापरली जायची.

"आई, परत माग ती."

"अगं असू दे. शेजार आहे. उद्या रात्रीबेरात्री काही झालं तर तीच धावणार."

"मला तिनं धावायला नकोय."

"हळू बोल," आई म्हणाली. मी हळूच बोलत होते. आमच्या घरात माझ्यासाठी याहून हळू काही शिल्लक नव्हतं.

आता मुख्य गोष्ट.

मी सीपरी बाज़ारातल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करत होते. दिवसभर मुलांच्या पालकांना फोन करायचा आणि ॲडमिशन घ्यायला लावायचं. मला फोनवर बोलताना घशात कापूस भरल्यासारखं होतं. ते काम मी सोडलं. पप्पा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ काही जमतंय का. नाहीतर भुसावळचं स्थळ चांगलं आहे."

भुसावळचं स्थळ म्हणजे काकूंच्या बहिणीचा मुलगा. रेल्वेत पर्मनंट, घरी तीन खोल्या, आई कडक. काकूंनीच आणलेलं. "त्यांना न बोलणारीच पाहिजे," त्या माझ्यासमोर आईला म्हणाल्या होत्या. "थोरल्या सुनेनं बोलून बोलून घर वेगळं केलं."

तेव्हा दिवाळीपर्यंत काहीतरी जमवायचं होतं. मला येत होता स्वयंपाक, आणि तोही असा, ज्यात कुणाशी बोलावं लागत नाही. कँटोनमेंटमधल्या एका अफसराची बदली झाली, त्यांच्या घरचं सामान विकायला निघालं, त्यात एक स्लो कुकर होता. चिनी मातीचं जड भांडं, काचेचं झाकण, बाहेर विजेची पेटी. मी तो उचलून आणला. त्यात चिकन सकाळी लावलं की संध्याकाळी होतं. उकळी फुटत नाही, शिट्टी होत नाही, कुणाला उभं राहावं लागत नाही. मला हे भांडं पाहताक्षणी आवडलं.

काकूंना नाही. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "शिट्टी कुठाय?"

"नसते."

"मग शिजलं हे सांगतो कोण?"

"वेळ झाली की कळतं."

"मुका कुकर आहे म्हण ना," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे. शोभतो तुला."

सदर बाज़ारात एक छोटा कॅफे आहे. मी तिथे कोपऱ्यात बसून कॉफी प्यायचे. मालकीणबाई एका रिटायर्ड फौजीच्या पत्नी, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांचा कूक गावी गेला तो आलाच नाही, हे मी कोपऱ्यात बसून ऐकलं. उठून बोलायची हिंमत झाली नाही. घरी येऊन मी त्यांना क्रीम चिकन पास्त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मी बनवते. त्यांचं उत्तर आलं: शनिवारी संध्याकाळी बारा माणसांची पार्टी आहे, करून आण, लोकांना आवडलं तर दर आठवड्याला घेईन.

तो मेसेज मी पप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "मग बघू शनिवारी." भुसावळला त्यांनी अजून होकार कळवला नव्हता. सगळं त्या शनिवारवर आलं.

आधी मी घरी करून पाहिलं. सीपरी बाज़ारातल्या चिकनवाल्याकडून चिकन हाडं काढून घेतलं. तो म्हणाला, "काए बिन्नू, हड्डी निकरवा कें का खैहो?" म्हणजे, पोरी, हाडं काढून खाणार काय? मांसाचे मोठे तुकडे, भरपूर लसूण, कुटलेली मिरी, थोडं लोणी, चिकनचाच रस. मंद आचेवर दुपारपर्यंत. मग चीज आणि साय, आणि अगदी शेवटी पास्ता. पास्ता आधी टाकला तर लगदा होतो. आणि मधे झाकण उघडायचं नाही. उघडलं की साठलेली वाफ जाते, ती पुन्हा साठायला अर्धा तास लागतो.

काकू आल्या. दोन बोटं. झाकण वर.

"अगं बाई! हे काय, पांढरं? घरात कुणाला कावीळ झाली का?"

"काकू, प्लीज झाकण नका उघडू."

"उघडल्याशिवाय कळतं का?" त्यांनी वाकून पाहिलं. "मसाला राहिला घालायचा."

"नसतो त्यात."

"मीठ कमी आहे."

"तुम्ही चाखलं कुठे?"

"दिसतंय." झाकण त्यांनी तिरकं ठेवलं आणि गेल्या. जाताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या दुबे आंटींना सांगून गेल्या की इकडे आजाऱ्याचं जेवण चालू आहे. त्यांच्या घरचं चिकन काळ्या मसाल्याचं, तेलाचा तवंग असलेलं, खाल्ल्यावर कानातून धूर निघेल असं. त्याचा वास जिन्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहायचा. त्याला मी कधी काही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी काळजी घेतली. झाकणावर जाड नॅपकिनची घडी ठेवली आणि वर आमचा वेलची कुटायचा पितळी खल उपडा ठेवला. खलाच्या पोकळीत झाकणाची मूठ पुरती झाकली जायची. धरायला काही उरायचं नाही. मला वाटलं, एवढं पाहून माणसाला कळेल.

मी नळावरून बादली भरून आले तेव्हा खल ओट्यावर होता, नॅपकिन खांद्यावर होता, आणि काकू आत वाकून बघत होत्या. "हे वर काय ठेवलंस? मला वाटलं मांजर येतं म्हणून."

मी खल उचलून धुवायला ठेवला. पण त्या शनिवारआधी मी आईला स्पष्ट सांगितलं, "उद्या त्यांना येऊ देऊ नकोस." आईनं सांगितलं. काय सांगितलं ते मला पुढे कळलं. आई म्हणाली होती, "उद्या पोरीचं महत्त्वाचं आहे हो, जरा लक्ष असू द्या."

शनिवारी सकाळी मी दोन वेळा तपासून सगळं लावलं. दुपारी ध्यानात आलं की न्यायला मोठे डबे कमी पडतायत. आई शाळेत, पप्पा गाडीवर. मी झाकणावर घडी ठेवली, खल ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि ऑटोनं सदरला गेले. डबे मिळाले, दोन दुकानं फिरावी लागली एवढंच.

परत येताना जिन्याच्या खालच्या पायरीवरच मला शिट्टी ऐकू आली. प्रेशर कुकरची. मला वाटलं, काकूंच्या घरातली. मग वर आले. आमचं दार उघडं होतं.

ओट्यावर आमचा प्रेशर कुकर गॅसवर. स्लो कुकरचं भांडं घासून, पुसून, उपडं घातलेलं. पास्त्याची दोन्ही पाकिटं फाडलेली, चीजचा डबा रिकामा, सायीचं भांडं रिकामं. काकू कमरेला पदर खोचून उभ्या.

"आलीस? बरं झालं मी बघितलं. सकाळपासून लावलंस म्हणे, आणि उकळीसुद्धा नाही! पेटीला हात लावला तर चटकासुद्धा बसेना. कच्चं कोंबडं घालणार होतीस लोकांना? ती फौजी माणसं, बंदूक घेऊन येतील. मी सगळं ह्यात काढलं, ती नळकांडीपण टाकली, तीन शिट्ट्या दिल्या. आता बघ कसं."

त्यांनी गॅस बंद केला. वाफ जाऊ दिली. झाकण उघडलं, दोन बोटांनीच.

आत काय होतं ते सांगते. साय फाटली होती, चीजचे दोरे तळाला करपले होते, आणि मधे पास्ता खळीसारखा झाला होता, पतंगाचा मांजा करायला लावतात ना, तसा. चिकनचे धागे त्यात अडकले होते. वास करपलेल्या दुधाचा.

काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरून फोडणी दिली तर..."

मला राग इंग्रजीत येईल असं मला कायम वाटायचं. शाळेत आम्ही भांडायचो ते इंग्रजीत. पण आला तो मराठीत, आणि इतक्या मोठ्यानं की दुबे आंटी दारात आल्या.

"बाहेर व्हा. आमच्या घरातून बाहेर व्हा. आणि ती किल्ली ठेवा तिथे. ठेवा!"

काकूंनी कमरेची किल्ली काढली. ओट्यावर ठेवली. खोचलेला पदर सोडला, सारखा केला. दारापाशी जाऊन वळल्या.

"आहे की आवाज," त्या म्हणाल्या. मग कुकरकडे बोट दाखवलं. "भिजत घाल तो. खाली धरलंय."

मॅडमना मी फोन केला. मेसेज नाही, फोन. रडायला येत होतं म्हणून लिहिता येत नव्हतं. सांगितलं की जेवण बिघडलं, आणता येणार नाही. "ओह," त्या म्हणाल्या. "ठीक है, मैं देख लेती हूँ." झाशीत राहणाऱ्या कुणालाही कळतं, 'देख लेती हूँ' म्हणजे आता तू बघू नकोस.

पप्पा गाडीवरून आले, कुकर पाहिला. हात धुऊन जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "उद्या ड्यूटी आहे. पुढच्या रविवारी भुसावळला फोन करतो."

काकूंचं येणं बंद झालं. पण जिना तर मधे होताच. आमच्या घरात फोडणी पडली की त्यांच्या दारातून आवाज यायचा, "जळतंय गं कुणाचंतरी!" काही जळत नसायचं. सकाळी दूधवाला दारात ठेवलेल्या पातेलीत दूध घालून जायचा, तर त्या पातेलीचं झाकणसुद्धा उचलून बघायच्या. मी दाराच्या फटीतून पाहायचे. दोन बोटं, झाकण वर, झाकण खाली. घरात पाऊल नाही. साऱ्या कॉलनीला त्यांनी सांगितलं की शेजारच्या पोरीनं त्यांना हाकललं. हे खरंच होतं, त्यामुळे मला काही म्हणता आलं नाही.

पुढच्या रविवारी पप्पांनी भुसावळला फोन लावला. मी आतल्या खोलीत होते. पप्पा "हो", "अच्छा", "असं कसं" एवढंच बोलत होते. फोन ठेवून बाहेर बसून राहिले. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "नको म्हणतायत ते. त्यांना कळवलंय इकडून. मुलगी ओरडते, वयस्कर बाईला घराबाहेर काढते, तुम्हाला झेपणार नाही."

"कुणी कळवलं?" आई म्हणाली, आणि मग तिनंच समोरच्या दाराकडे पाहिलं.

पप्पा फार चिडले. सूड उगवला म्हणाले. आईलाही तसंच वाटलं. मला काय वाटलं, ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण मला नीट कळलं नव्हतं. काकू सूड घेणाऱ्यातल्या होत्याच. पण सूड घ्यायला त्यांना दुसरं काही सुचलं नसतं का? मी त्यांना विचारलं नाही. त्या काळात आम्ही बोलत नव्हतो, आणि बोलत असतो तरी मी विचारलं नसतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पुन्हा चिकन लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. डबा भरला, ऑटो केली आणि न विचारता, न कळवता सदर बाज़ारात कॅफेच्या काउंटरवर नेऊन ठेवला. "मॅडम, खाकर देखिए," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. बहुतेक त्या शनिवारनंतर तो परत आत गेलाच नव्हता.

मॅडमनी उभ्या उभ्या खाल्लं. दुसरा चमचा घेतला. तिसरा.

"नमक कम है," त्या म्हणाल्या. "शुक्रवार से लाओगी?"

मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी समोरच्या क्वार्टरमधल्या बाईचा असा काही राग आला की मी 'हाँ' म्हणायला उशीर केला.

काका रिटायर झाले तसं काकूंना क्वार्टर सोडावं लागलं. भुसावळचं घर काकांच्या भावांच्या वाटणीत गेलं होतं, म्हणून पुण्याला मुलाकडे. टेम्पोत सामान चढत होतं. मी घरातच थांबले होते. शुक्रवार होता, माझं भांडं लागलेलं होतं.

बेल वाजली. काकूंनी बेल वाजवलेली मी पहिल्यांदा ऐकली. त्या उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या, पोटाशी काहीतरी धरून. काळा, लोखंडी, भला मोठा खल. त्यांच्या काळ्या मसाल्याचा वास अजून त्याला होता.

"धर," त्या म्हणाल्या. "तुझा पितळी हलका पडतो. मी तो दोन बोटांनी काढायची."

मी धरला. हात खाली गेले.

"आणि बत्ता?" मी विचारलं.

"बत्ता नेते. सुनेच्या घरी चाललेय, हातात काहीतरी असावं."

मला हसू आलं होतं. मी ते दाखवलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत ओट्याकडे पाहिलं. मुका कुकर तिथे होता, वर घडी, घडीवर पितळी खल. त्या थोडं थांबल्या. 'आत या' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच थांबल्या असतील. मी म्हटलं नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "टेम्पोवाला ओरडतोय." आणि जिना उतरताना दुबे आंटींच्या दारातल्या पातेलीचं झाकण उचलून पाहून गेल्या.

आई त्यांना कधीमधी फोन करते. पुण्याचं घर चौदाव्या मजल्यावर आहे म्हणे. सून आणि मुलगा दोघं नोकरीवर, जेवण बाहेरून येतं, प्लास्टिकच्या डब्यांत, वरून चिकटपट्टी लावून. कोणत्या डब्यात काय आहे ते त्यावर लिहिलेलंच असतं. ओट्यावर पातेलं नसतं. "दिवसभर काय करता मग?" आईनं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "शेजारची दारं बंद असतात गं." एवढं सांगून आई माझ्याकडे पाहत राहिली. मी मिरी कुटत होते.

समोरच्या क्वार्टरमध्ये आता एक बिहारचं जोडपं आलंय. शांत आहेत. आमच्या घरी येत नाहीत, आम्ही त्यांच्याकडे जात नाही. आमची दुसरी किल्ली आईच्या कपाटात असते. शुक्रवारी चिकन लावून मी क्रीम आणायला बाजारात जाते, घराला कुलूप असतं, आत कुणी येणार नसतं, झाकण उघडायला तर कुणीच नाही.

तरी निघण्याआधी मी झाकणावर नॅपकिनची घडी ठेवते आणि तिच्यावर तो लोखंडी खल उपडा ठेवते. आल्यावर तो जसाच्या तसा असतो. तो उचलायला मला दोन्ही हात लागतात.